लाडवांच्या डब्यावर टेकलेला चार्जर

मिक्सर बॅगेत भरून झाला होता. मोटार वेगळी, भांडी वेगळी, मध्ये दोन जुन्या साड्या. लेकीचं पहिलं बाळंतपण, तेही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. ओलं खोबरं, आलं-लसूण, अळिवाचं वाटण सगळं घरच्या मिक्सरवर करायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. ह्यांनी दुकानातून आल्यावर बॅग उचलून बघितली, चेन उघडली आणि मिक्सर बाहेर काढून टेबलावर उलटा ठेवला.

"प्लेट वाच," म्हणाले.

आमचं सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला की हे आधी तिची नेमप्लेट पुसून वाचतात, मगच पाना हातात घेतात. मी मिक्सरच्या बुडाची पट्टी वाचली. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॅट.

"अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. हा तिथं कण्हत फिरेल. चटणी घातलीस की अडकेल आणि गरम होईल. पिन बदलून काही होणार नाही."

"मग माझा फोन कसा चार्ज व्हायचा?"

"चार्जर आण, त्याचीही प्लेट वाचू."

चार्जरची प्लेट वाचणं सोपं नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकवर फिक्या राखाडी रंगात मुंगीएवढी अक्षरं. चष्मा लावूनही दिसेनात. शेवटी ह्यांच्या फोननं फोटो काढला आणि बोटांनी मोठा केला. 'इनपुट' या शब्दापुढं होतं १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. त्याखाली आउटपुट, ५ व्होल्ट, ३ अँपिअर आणि आणखी दोन-तीन आकडे. ह्यांनी मान डोलावली. "हा कुठंही चालेल. याला फक्त तिथल्या भोकात बसणारी पिन पाहिजे."

मला हा फरक नीट कळायला हवा होता, म्हणून मी जेवताना परत विचारलं. एकाच घरातल्या दोन वस्तू, एक चालते आणि एक चालत नाही, असं कसं? त्यांनी सांगितलं ते असं. मिक्सरची मोटार येईल तो दाब, म्हणजे व्होल्ट, सरळ अंगावर घेते. दाब निम्मा झाला की तिची ताकदही गेली. फोनचा चार्जर तसा नाही. तो आलेल्या एसीचं, म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या विजेचं, आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून फोनला पाहिजे तेवढंच पुढं सोडतो. पुढं पाच व्होल्ट राहिलेत ना, यावर त्याचं सारखं लक्ष असतं. मागून १०० आले काय आणि २४० आले काय, तो आपलं काम जुळवून घेतो.

म्हणजे प्रश्न दोन होते, व्होल्टचा आणि पिनेच्या आकाराचा. अडॅप्टर म्हणून दुकानात जे मिळतं, ते फक्त आकार बदलतं. व्होल्ट बदलायला ट्रान्स्फॉर्मर लागतो आणि मिक्सर चालवण्याएवढा ट्रान्स्फॉर्मर म्हणजे काही किलोंचं लोखंड आणि तांबं. तो विमानातून न्यायचा नसतोच. मिक्सर घरी राहिला. मी कोरडी वाटणं करून घेतली आणि गावातल्या एका दुकानातून चपट्या पिनांचा छोटा अडॅप्टर आणला. आपली गोल पिन मागून घालायची, पुढं अमेरिकेच्या दोन चपट्या पिना. स्वस्तात मिळाला. घरी एकदा घालून बघितला, बसला, म्हणून निर्धास्त झाले. जरा हलत होता, ते मी मनावर घेतलं नाही.

हे येऊ शकले नाहीत. फेब्रुवारी संपत आला की उसाच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यातल्या पंपांच्या मोटारी जळून यायला लागतात, दुकान बंद ठेवून चालत नाही. मी एकटीच निघाले. रात्रभर बसनं मुंबई, पुढं विमानानं दुबई, तिथून न्यूयॉर्क. फोनमध्येच तिकीट, फोनमध्येच लेकीचा पत्ता, जावयांचा नंबर. बसमधे फोटो आणि फोन सगळं झालं आणि दुबईला उतरले तेव्हा बॅटरी बावीस टक्क्यांवर होती. पुढचं विमान पाच तासांनी.

खुर्च्यांच्या रांगेजवळ सॉकेट होतं. मी अडॅप्टर काढला आणि तशीच उभी राहिले. भिंतीवर तीन चौकोनी भोकं होती, एक वर उभं, दोन खाली आडवी. ही इंग्लंडच्या पद्धतीची. दुबईत, सिंगापुरात, मलेशियात तीच चालते. मी अमेरिकेची पिन घेतली होती. मधल्या थांब्याचा विचार मीही केला नव्हता आणि ह्यांनीही.

शेजारी आपल्याकडचाच एक तरुण मुलगा होता. त्याच्या चार्जरला आपली टू-पिन. त्यानं खिशातून पेन काढलं, वरच्या भोकात खुपसलं आणि खालच्या दोन भोकांत पिन दाबायला लागला. आपल्याकडं घराघरांत हे करतात. झडप असलेल्या बोर्डाच्या वरच्या भोकात पेन किंवा टेस्टर घालायचा आणि खाली टू-पिन ढकलायची. मी त्याला थांबवलं. वरचं भोक अर्थिंगचं. थ्री-पिनची वरची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, ती आधी आत जाते आणि खालच्या दोन्ही भोकांवरच्या झडपा उघडते. लहान मुलानं काही घातलं तर शॉक बसू नये म्हणून ही सोय. पेन घालून ती सोयच आपण मोडतो, वर पिन नीट बसत नाही ती वेगळीच. ह्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या तोंडून ते घरच्यासारखं आलं. मुलगा चांगला होता. "काकू, मग करायचं काय?" म्हणाला.

खुर्चीच्या हाताजवळ यूएसबीची भोकं होती, ती त्यालाच दिसली. माझी वायर जुन्या पद्धतीची, एका टोकाला रुंद चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला फोनची लंबगोल. ती बसली. त्याची वायर दोन्हीकडून लंबगोल, ती बसली नाही. मग आम्ही माझी वायर आलटून पालटून वापरली. फोननं स्क्रीनवर विचारलं, फक्त चार्जिंग करायचं की फाइलीही द्यायच्या. फक्त चार्जिंग निवडायचं, हे त्यानं दाखवलं. चार्जिंग फार सावकाश झालं, पण विमानात बसताना माझ्याकडं सत्तर टक्के होते. तेव्हापासून मी ती रुंद टोकाची वायर पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते.

एडिसनला पोचले तेव्हा बाहेर बर्फाचे काळपट ढीग होते आणि लेक दारात उभी होती, नववा महिना भरलेली. पुढचं मी लिहीत नाही.

तिनं माझी खोली तयार ठेवली होती. पलंगाशेजारी भिंतीत सॉकेट. त्याला बटण नव्हतं. आपल्याकडं सॉकेट म्हटलं की शेजारी बटण असतंच, तिथं नसतं. भोकं कायम जिवंत. दोन उभ्या फटी आणि खाली अर्थिंगचं भोक. अडॅप्टर आत जाईना. वाकून बघितलं तर एक फट दुसरीपेक्षा किंचित लांब होती, आणि अडॅप्टरचीही एक पिन रुंद. न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, कायम न्यूट्रललाच लागावी म्हणून ही खूण केलेली असते. उलटा करून घातला, बारीकशी ठिणगी दिसली आणि फोनवर चार्जिंगचं चिन्ह आलं. प्रवासानं अंग मोडून गेलं होतं. जावयांनी दारातलं बटण दाबून दिवा घालवला, मी झोपले.

दुसऱ्याच रात्री लेकीला कळा सुरू झाल्या. जावयांनी दारावर टकटक केली तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजले होते. बॅग आधीच भरून ठेवलेली, पाच मिनिटांत दोघं गाडीत बसले. मी घरी थांबायचं असं ठरलं होतं. सकाळी जावई येऊन मला नेणार होते. "आई, फोन जवळ ठेवा, मी कळवतो," एवढंच ते म्हणाले.

मी फोन उचलला. सात टक्के.

रात्रभर लावून ठेवलेला फोन सात टक्के! वायर हलवली, पिन दाबली, काही नाही. टेबललॅम्पही लागेना. मला वाटलं लाईट गेली, पण बाहेर पॅसेजमध्ये उजेड होता. हे का झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. अमेरिकेत बऱ्याच खोल्यांना छतात दिवा नसतो. दाराजवळचं बटण भिंतीतल्या एखाद्या सॉकेटला जोडलेलं असतं आणि त्या सॉकेटला लॅम्प लावतात. म्हणजे दारातलं बटण बंद केलं की लॅम्प जातो आणि त्याच सॉकेटला लावलेला चार्जरही जातो. आदल्या रात्री मी इतकी दमले होते की फोन किती भरला हे सकाळी बघितलंच नव्हतं. दिवसभर तेवढ्यावरच भागलं आणि दुसऱ्या रात्री मी स्वतःच्या हातानं ते बटण बंद करून झोपले.

त्या वेळी यातलं काही माहीत नव्हतं. घरात दुसरा फोन नाही. परका देश, बाहेर अंधार, लेक दवाखान्यात. मी वायर, चार्जर, अडॅप्टर सगळं घेऊन स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरच्या सॉकेटच्या मध्ये दोन छोटी बटणं होती, एकावर 'टेस्ट', एकावर 'रिसेट'. त्यांना हात न लावता मी पिन घातली. फोनवर चिन्ह आलं, आणि गेलं. परत आलं, परत गेलं. चार्जर जड आणि त्यापुढं तो हलका अडॅप्टर. सगळं मिळून पुढं झुकत होतं आणि पिना फटीतून अर्ध्या बाहेर येत होत्या. हातानं वर उचलून धरलं की चार्जिंग सुरू, हात सोडला की बंद.

मी दहा मिनिटं तसंच धरून उभी राहिले. मग इकडं तिकडं बघितलं. ओट्यावर डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता, मीच आणलेला. तो सरकवून चार्जरच्या खाली घेतला, थोडं कमी पडलं, म्हणून वर एक घडी घातलेला नॅपकिन ठेवला. चार्जर त्याच्यावर टेकला. चिन्ह आलं आणि टिकलं. आठ टक्के. नऊ.

मी ह्यांना फोन लावला. तिकडं पहाटेचे तीन म्हणजे सांगलीत दुपारचे दीड. ते दुकानातच होते, मागं लेथचा आवाज. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी लेकीचं विचारलं, मग म्हणाले, "अडॅप्टरला हात लावून बघ, गरम आहे का?"

कोमट होता.

"सैल पिन तापते. तिथून हलू नको. जास्त गरम लागला तर काढ आणि गार होऊ दे. फोन ठेव आता, बॅटरी खाऊ नको."

मी स्टूल ओढून बसले. दर थोड्या वेळानं अडॅप्टरला बोट लावायचं आणि टक्के बघायचे. दोनदा काढून गार केला. खिडकीबाहेर हळूहळू उजाडलं, समोरच्या घरांची छपरं दिसायला लागली. सहा वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. जावयांचा चेहरा, मग छत, मग पट्ट्यापट्ट्यांच्या दुपट्यात गुंडाळलेली नात, डोळे मिटलेली, ओठ हलवणारी. लेक मागून म्हणाली, "आई, दिसतेय का?" दिसत होती. फोनमध्ये एकतीस टक्के होते. मी डब्यावरून चार्जर न हलवता, वाकून, नाक ओट्याला लागेपर्यंत खाली होऊन तिला बघितलं.

जावई घरी आल्यावर त्यांनी तो अडॅप्टर हातात घेऊन फिरवला. एका पिनेच्या मुळाशी प्लॅस्टिक तपकिरी झालं होतं. त्यांनी तो सरळ कचऱ्यात टाकला. मग त्यांच्या खणातून एक चार्जर काढला, तिथलाच, चपट्या पिना अंगातच असलेला, हलका, भिंतीला घट्ट बसणारा. त्याला माझी वायर लागली. "आई, अडॅप्टर कशाला? चार्जरच इथला घ्यायचा, वायर तुमची." माझा फोन कंपनीच्या चार्जरवर जितका भरभर भरतो तितका या चार्जरवर भरला नाही, पण रात्रभरात शंभर टक्के व्हायला काय हरकत होती? साधं लखलखीत उत्तर होतं आणि सांगलीत मला कोणी दिलं नव्हतं. आता मला कोणी परदेशी जाताना विचारलं तर मी हेच सांगते. एकाच देशात राहणार असाल तर वायर घेऊन जा, चार्जर तिथला घ्या. चार देश फिरणार असाल तर चांगल्यातला, घट्ट बसणारा अडॅप्टर घ्या, आणि विमान जिथं थांबणार तिथली पिन त्यात आहे का बघा.

ओट्यावरच्या त्या दोन बटणांचंही त्यांनी सांगितलं. पाण्याजवळच्या सॉकेटला ती असतात. गेलेला आणि परत आलेला करंट यांत जरासा फरक पडला, म्हणजे कुठंतरी गळती आहे, की सॉकेट आपोआप बंद होतं. मग 'रिसेट' दाबायचं. पुढं एकदा बाथरूममधलं सॉकेट असंच बंद पडलं, तेव्हा मी स्वतः दाबून चालू केलं.

वाटणासाठी मिक्सर शेवटी मिळालाच. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं रांगेनं आहेत, कढीपत्ता, वाल, पापड, साड्या. तिथं आपल्या पद्धतीचे, स्टीलच्या भांड्यांचे ११० व्होल्टवाले मिक्सर मिळतात. जावयांनी आणला. मी दुकानातच उलटा करून प्लेट वाचली.

बाळाला महिना झाल्यावर एका उन्हाच्या दिवशी ते आम्हाला मेन्लो पार्कला घेऊन गेले. ते याच गावात आहे. थॉमस एडिसननं १८७६ साली तिथं प्रयोगशाळा काढली आणि १८७९ मध्ये विजेचा दिवा केला, म्हणून पूर्वी रॅरिटन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाला १९५४ मध्ये एडिसन नाव दिलं. जागेवर १९३७ सालचा उंच मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर काचेचा भलामोठा दिवा. मी खाली बाबागाडीजवळ उभी राहून ह्यांना व्हिडिओ कॉल लावला. माझा मिक्सर इथं का चालला नसता, त्याचं मूळ याच माणसापाशी जातं. त्याचे कार्बनच्या तंतूचे दिवे साधारण १०० व्होल्टवर चालायचे. तारांमध्ये थोडा दाब कमी होणार, म्हणून त्यानं ११० व्होल्ट धरले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र सुरू झालं ते याच दाबानं, आणि डीसीवर. पुढं एसी आलं, दाब थोडा वाढून १२० झाला, पण तोवर घराघरांतले दिवे आणि यंत्रं त्याच आसपासची झाली होती, बदलणार कोण? युरोप पुढं २२० कडं गेला. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि तार बारीक चालते. आपल्याकडं ब्रिटिशांमुळं २३० आले. अमेरिकेतल्या घरातही २४० असतं, फक्त कपडे वाळवायच्या मशीनसारख्या मोठ्या वस्तूंना. लेकीच्या घरी त्या मशीनमागचं चार पिनांचं दांडगं सॉकेट मी बघितलंय.

ह्यांनी फोनवरून मनोरा बराच वेळ बघितला. "जरा जवळ ने," म्हणाले. मी नेला. रोज हातात वायर धरणाऱ्या माणसाला ती जागा दाखवता आली, याचा मला आजही आनंद वाटतो.

निघताना लेकीनं पॉवर बँक दिली, दहा हजार एमएएचची. ती पर्समध्येच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हे तिनं दोनदा बजावलं. सामानात लिथियमची सुटी बॅटरी चालत नाही. शंभर वॉट-अवरपर्यंतची हाताशी नेता येते आणि ही सदतीस वॉट-अवरची होती. दुबईत मला सॉकेट शोधावं लागलं नाही. तिला माझ्या गुडघ्यांसाठी शेकायची विजेची पिशवीही द्यायची होती. मी प्लेट वाचली, फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पुढं दुसरा आकडा नव्हता. आपल्या २३० वर ती साडेतीन पटीहून जास्त तापली असती. ती तिच्याच कपाटात ठेवून आले.

आता दिवाळीला ती बाळाला घेऊन येतेय. सामानाची यादी करताना तिनं विचारलं, बाटल्या वाफवायचं स्टेरिलायझर आणू का? मी म्हटलं, बुडाचा फोटो पाठव. रात्री फोटो आला. मी बोटांनी मोठा करून वाचला आणि ह्यांना दाखवला. सकाळी आम्ही दोघं गणपती पेठेत जाऊन २३० वालं घेऊन आलो.